चार बोटं खाली

बाबा, तुमचा खोकला आता कसा आहे? कारखान्यातल्या भट्टीच्या धुराचा होता तो, आणि तिथे भट्टी नसणार असं धरून मी मनाची समजूत घालतो. आईचे गुडघे कसे आहेत? तिला म्हणावं, खाली पाटावर बसायचा हट्ट सोड, खुर्ची घे, इथे आता पंगतीसुद्धा टेबलावर बसतात आणि कोणी हसत नाही. तुमच्या सुनेची साखर कशी आहे? ती आल्यापासून तुमचा चहा फिका झाला असेल. स्वतःला गोड चालत नाही म्हणून ती सगळ्या घराची साखर कमी करते, माझीही तशीच केली होती, आणि आता ती नाही तरी मी दोन चमचे टाकायला धजत नाही. आणि तुमचा नातू कसा आहे? हे विचारायला पेन अडकतो, पण विचारतो. तुम्ही गेलात तेव्हा तो तुमच्या सायकलच्या दांड्यावर बसून शाळेत जायचा, पाय पेडलपर्यंत पोचत नव्हते. तुमच्याकडे आला तो चाळिशीचा होऊन, कानाशी पांढरे केस घेऊन. तुम्ही ओळखलंत का त्याला, की त्यालाच सांगावं लागलं मी कोण म्हणून?

माझं बरं आहे. मोतीबिंदू काढला, आता सुईत दोरा ओवतो. सुपेल्याच्या बाजारातलं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान दोन वर्षांपूर्वी बंद केलं, पण अवजारं घरी आणून ठेवली आहेत, कोणी ओळखीचा आला तर हॉर्न, सेल्फ, एखादी वायर पाहून देतो. आज लिहायला बसलो याचं कारण असं की आज सकाळी तुमची नातसून नागपूरला गेली. तिथे इस्पितळाच्या लॅबमध्ये तिला नोकरी लागली आहे. स्वतः गाडी चालवत गेली, तुमच्या नातवाची लाल गाडी. त्या गाडीची लाइट मी केली. ती कशी केली ते या जगात ऐकून समजणारा माणूस आता उरला नाही, म्हणून तुम्हाला सांगतो.

गाडी आधी तुमच्या डोळ्यापुढे आणून देतो, कारण तशी गाडी तुम्ही पाहिली नाही. दोनच माणसांची, दोनच दारांची, वर कापडाचं छप्पर, आणि इतकी बुटकी की आत बसणं म्हणजे पंगतीत जेवायला बसणं. उठताना मला दोन जणांचा हात लागतो. इथल्याच पद्मनाभपूर वस्तीत एका डॉक्टरांच्या अंगणात चिकूच्या झाडाखाली ती कितीतरी वर्षं पडून होती, सीटमध्ये उंदरांनी संसार मांडला होता. पोरानं ती आणली, टो करून, दोरीनं बांधून, आणि गल्लीतली सगळी पोरं मागे, जसा पोळ्याचा बैल चालला आहे. तुमची सून दारात उभी होती. ती म्हणाली, एवढ्या पैशात चार दारं आली असती, वर डोक्यावर लोखंड आलं असतं. तो हसला नुसता. बाबा, त्याला लहानपणी खेळण्यातली गाडी मिळाली नव्हती असं नाही, तुम्हीच तर वायरच्या रिळांची चाकं करून दिली होती, पण काही माणसांचं मन एका गोष्टीत अडकतं ते अडकतंच. ड्यूटी करून यायचा, हात धुवायचा आणि त्या गाडीखाली शिरायचा. इंजिन त्यानं स्वतः केलं, ब्रेक स्वतः केले, छपराचं कापड पावर हाउसच्या बाजारातून शिवून आणलं. आणि लाइटला हात लावला नाही. मला म्हणाला, "बाबा, बाकी सब मैं करूंगा, लाइट तुमची."

लाइट म्हणजे काय होती, दिवाळीतली सरत आलेली पणती. संध्याकाळी त्यानं पहिल्यांदा गाडी काढली तेव्हा शेजारचा साहू, तुम्ही असताना आपल्या कुंपणावरून पेरू तोडायचा तोच, आता आजोबा झाला आहे, तो म्हणाला, "भइया, लाइट चालू है कि नहीं, ये देखने के लिए टॉर्च लाऊं क्या?" पोरगा चिडला नाही, पण त्यानं ते मनावर घेतलं. त्याला पांढरी लाइट हवी होती, चुन्यासारखी सफेद, आजकाल सगळे लावतात ती. मी म्हणालो, ही जुनी लाइट पिवळ्या बल्बसाठी घडवलेली आहे, तिच्यात पांढरा बल्ब कोंबला तर उजेड कुठेही सांडतो, पावसात समोर भिंत उभी राहिल्यासारखं होतं, आणि समोरचा बिचारा आंधळा होतो. तो म्हणाला, जमाना बदलला बाबा. मी म्हणालो, जमाना बदलला, डोळे तेच आहेत. असं आमचं जेवताना चालायचं, मधे तुमच्या नातसुनेला पंच करायचो. ती म्हणायची, आधी भाजी घ्या, मग लाइट लावा. करू, करू म्हणता म्हणता उन्हाळा गेला, पाऊस आला. त्याला घाई नव्हती, मला तर नव्हतीच. दोघांनी मिळून करायचं एक काम शिल्लक आहे, हे मला गोड वाटत होतं.

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी सकाळी तो ड्यूटीवर गेला आणि दुपारी त्याच्या छातीत कळ आली. एवढंच. यापुढचं तुम्हाला त्यानंच सांगितलं असेल, मला लिहवत नाही. मी इस्पितळात पोचलो तेव्हा त्याच्या बुटांच्या नाड्या सुद्धा कोणी सोडल्या नव्हत्या. त्या मी सोडल्या. तुमची सून आधीच गेली होती, तिला हे पाहावं लागलं नाही, याबद्दल मी देवाला हात जोडतो आणि बाकीच्याबद्दल त्याच्याशी बोलत नाही.

मग घरात आम्ही दोघं, मी आणि तुमची नातसून. लोक म्हणाले, सून आता माहेरी जाईल. ती गेली नाही. लेकरू नव्हतं, बांधून ठेवायला काही नव्हतं, तरी राहिली, वर्ष होऊन गेलं. सकाळी माझ्या गोळ्या वाटीत काढून ठेवायची, आपल्या कामावर जायची, संध्याकाळी आली की म्हणायची, बाबा आज कोण कोण आलं होतं. कोणी आलेलं नसायचं, पण मी कोणाचं तरी नाव सांगायचो. गाडी अंगणात कापडाखाली. दर रविवारी ती कापड काढून इंजिन चालू करायची, थोडा वेळ ऐकायची, बंद करायची. मी आतूनच ऐकायचो.

एक दिवस ती चपात्या लाटत होती आणि मी ओट्याशी अंबाडीची भाजी निवडत होतो. मान वर न करता म्हणाली की नागपूरहून बोलावणं आलं आहे. इथल्यापेक्षा चांगली जागा आहे, तिची आईही तिथे एकटी आहे. पण तिनं नाही कळवायचं ठरवलं आहे. मी विचारलं, कावून? तर तिनं तव्यावरची चपाती उलटली. बाबा, ती फुगत नव्हती, दाबत होती तरी फुगत नव्हती. मी म्हणालो, "पोरी, तू माह्यासाठी थांबून राहिली असशील तर मले ते ओझं होते. जा. आणि पुढं कोणी भला माणूस भेटला तर मले बोलाव, मी अक्षता टाकाले येतो." ती तिथेच खाली बसली आणि पदरात तोंड घालून रडली. मी भाजी निवडत राहिलो, निवडलेलीच पुन्हा निवडली. मग ती म्हणाली की जाईन, पण गाडी घेऊन जाईन. तिथे तिची पाळी संध्याकाळी उशिरा सुटणार, अंधारात घरी यावं लागणार. म्हणजे लाइट करायलाच हवी. आता यात दुसरं काय आहे ते तुम्हाला समजलंच असेल. लाइट होईल त्या दिवशी घर रिकामं होणार होतं, आणि लाइट करणारा मीच.

केली, बाबा. अंगचोरी केली नाही. बॉनेट उघडलं, मीटर लावलं. बॅटरीपाशी पूर्ण बारा व्होल्ट, बल्बपाशी दहाही नाही. आपल्या गावी तलावाचं पाणी सोडायचे आणि धानाच्या शेवटच्या बांधीपर्यंत पोचता पोचता चिखलच उरायचा, तसं. सगळा करंट आधी स्टीअरिंगच्या स्विचपर्यंत जायचा, तिथून पुन्हा पुढे यायचा, त्या केसासारख्या वायरीतून, आणि तांबं आतून काळं पडलेलं. मी दोन रिले बसवले. तुमच्या ड्यूटीत खोलीएवढे रिले होते, हे काडेपेटीएवढे. स्विचनं आता फक्त हाक द्यायची, करंट बॅटरीतून थेट जाड वायरीनं जातो. अर्थिंगची जागा गंजली होती, ती लोखंड चमकेपर्यंत घासली. लाइटच्या आतली वाटी म्हणजे कल्हई उडालेलं पातेलं, ती बदलली. गोल लाइट आहे, जीपला बसते तेच माप, पावर हाउसवर मिळाली. बल्ब मात्र आणावे लागले नाहीत. सीटच्या मागे त्यानं एक खोकं ठेवलं होतं, नवं, न उघडलेलं. उघडलं तर आत पिवळे बल्ब. पांढऱ्यासाठी माझ्याशी भांडत राहिला तोंडानं, आणि आणले पिवळे. किती दिवस आधी आणले होते कोण जाणे, मला हरल्याचं सांगितलं नाही. मी खोकं घेऊन गाडीतच बसून राहिलो. लगेच उठवायला येऊ नये म्हणून पोरीला हाक मारली नाही.

आता लाइट सेट करायची, आणि ती तुमच्याच पद्धतीनं. दुसरी मला येत नाही. आज मशिनीवर करतात, कॉम्प्युटर सांगतो. कारखान्यातली पाळी सुटली की तुम्ही गिऱ्हाइकाची गाडी भिंतीसमोर उभी करायचात, दिवेलागणीच्या वेळी, लाइटच्या उंचीवर खडूची रेघ, तिच्या चार बोटं खाली दुसरी रेघ, आणि उजेडाचा वरचा काठ त्या खालच्या रेघेवर आणून बसवायचा. एवढ्यावर कोणीही मिस्त्री हात पुसतो. तुम्ही नाही. तुम्ही गिऱ्हाइकाला गाडीत बसवून लाइट चालू ठेवायला लावायचात, सायकल काढायचात, दूर रस्त्याच्या टोकाला जाऊन तिथून गाडीच्या दिशेनं सायकल चालवत यायचात. उजेडानं डोळे मिटले तर काठ अजून खाली. गिऱ्हाईक हसायचे. त्या वेळी अर्धा कारखाना सायकलवर होता, पाळी सुटली की रस्ताभर सायकली, एकीलाही दिवा नाही, आणि समोरून ट्रक आला की माणसं नालीत. तुम्हीही पडला होता एकदा, डबा सांडला होता, आईनं सांगितलं होतं.

मी पहिली लाइट सेट केली ती कोणा ठेकेदाराच्या जीपची. आजही मी तिथे उभा आहे असं वाटतं. मिसरूड फुटलेलं, छाती पुढे काढलेली, उजेड पार पाण्याच्या टाकीपर्यंत फेकलेला. तुम्ही सायकल माझ्या हातात देता, म्हणता, जा आणि ये. मी जातो आणि येतो, आणि अर्ध्या वाटेवर समोर नुसता पांढरा पडदा, रस्ता नाही, हात नाही, आणि मी थेट बेशरमच्या झुडपात. तुम्ही चालत येता. आधी सायकल उचलता, तिचं हँडल सरळ करता, मग मला. "तुले काय दिसते ते तू पायतोस," तुम्ही म्हणता, "समोरच्याले काय दिसते ते पाह्यलं का?" माझ्या कोपरातून रक्त येतं आहे आणि तुम्ही स्क्रू ड्रायव्हर पुढे करता. बोलणी खाल्ली त्याहून तो स्क्रू ड्रायव्हर जास्त लागला. पण पुढे सुपेल्यात इतकी वर्षं दुकान चाललं ते त्यावरच. ट्रकवाले म्हणायचे, म्हातारा खिसकेला आहे, अपनी ही लाइट के सामने साइकिल चलाता है. पण यायचे.

तर मी गाडी शाळेच्या मागच्या भिंतीशी नेली. तुमची नातसून स्टीअरिंगशी बसली, मी बॉनेटपाशी वाकलो, रेघा मारल्या. लाइट लागली आणि बाबा, भिंत अशी उजळली की विटांचे सांधे मोजून घ्यावेत. तिनं सवयीनं दिव्याला हात जोडले, तुम्ही जोडायचात तसे. मी दोन स्क्रू फिरवले आणि काठ रेघेवर येऊन बसला, जसा पाटावर पाहुणा. मग तिनं गाडी वळवून रस्त्याकडे तोंड केलं आणि मी सायकल घेतली. तुमची नाही, ती केव्हाच गेली. शेजाऱ्याच्या नातवाची, बसणाऱ्याला घोड्यासारखं खाली वाकवणारी. टोकाला गेलो, वळलो, निघालो.

समोरून लाल गाडी, दोन गोल दिवे, जमिनीला टेकलेले. मागे कोण बसलं आहे ते दिसत नाही, लाइटच्या मागचं माणूस कधीच दिसत नाही. तेवढ्या वेळात मला वाटलं तोच बसला आहे. वाटलं नाही, तो बसलाच होता. आणि आता तो दिवा बंद करून उतरणार, म्हणणार, क्या बाबा, ठीक है ना. माझ्या डोळ्यांत पाणी भरलं, सगळं फुटलं, दोनाचे वीस दिवे झाले. मी पाय टेकले. ती गाडीतून धावत आली. म्हणाली, "बाबा, डोळ्यात जाते का?"

लाइट बरोबर होती. मला रस्ता दिसत होता, कडेचा दगड दिसत होता, तुमच्या मापात ती चोख होती. मी म्हणालो, हो, थोडी जाते. ती म्हणाली, मग उद्या करू नं, मले काय घाई आहे. आम्ही घरी आलो, तिनं खिचडी टाकली, जवसाची चटणी वाटली, आणि मी पोटभर जेवलो, किती दिवसांनी.

दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा भिंत, पुन्हा मी वाकलो. स्क्रूवर ड्रायव्हर ठेवला आणि मनगट फिरवलं, नुसतं मनगट. पुन्हा सायकल. पुन्हा तिनं विचारलं, आणि पुन्हा मी म्हणालो, जाते थोडी. तिसऱ्या संध्याकाळी तिनं येताना पिशवीत भजी बांधून आणली होती, आम्ही भिंतीशी बसून खाल्ली, शाळेतून आलेल्या पोरांसारखी. तिनं मला तुमच्याबद्दल विचारलं. मी तिला तुमचा खोकला करून दाखवला. ती हसली, बाबा. तो गेल्यापासून ती अशी हसली नव्हती. मला वाटलं, आठ दिवस काढता येतील असे, महिना काढता येईल. आणि त्याच वेळी तुम्ही मला दिसलात, सायकलचं हँडल सरळ करताना. मी समोरच्याला काय दिसतं ते कधी पाहिलं होतं? रात्री तिला सांगितलं, झाली लाइट, आता जात नाही डोळ्यात.

आज सकाळी तिनं सामान भरलं. त्या गाडीत सामान ते किती मावणार, एक पेटी, कुकर, त्याचा स्वेटर. पाया पडली. आत बसली. मग काय मनात आलं, दिवसाउजेडी लाइट लावली, समोर आपल्या पडवीची भिंत. काच खाली केली. म्हणाली, "बाबा, शाळेच्या भिंतीवरचा उजेड तिन्ही दिवस एकाच जागी होता. मी तर गाडीतच बसून होती नं."

मी म्हणालो, मग बोलली नाहीस. ती म्हणाली, "मले पण तीन दिवस पाहिजे होते." आणि गाडी मागे घेतली.

मघाशी तिचा फोन आला. पोचली, उजेडात पोचली, लाइट लावायची वेळच आली नाही. उद्यापासून लागेल, पाळी सुटल्यावर. समोरून येणाऱ्या कोणाच्या डोळ्यात जाणार नाही, एवढी खात्री तुम्हाला देतो. घर शांत आहे. तिनं आठवडाभराच्या गोळ्या वाट्यांमध्ये काढून ठेवल्या आहेत.

हे पत्र पोस्टात टाकायचं नाही हे मलाही समजतं, एवढा अजून खुळावलो नाही. पण एक सांगून टाकतो. हे तुम्हाला लिहायचंच नव्हतं. त्याला लिहायचं होतं, सकाळपासून चार कागद घेतले. पण बापाला लिहिणं जमतं, बाबा, जगाची रीत आहे, मेलेल्या बापाला कोणीही लिहील. पोराला कसं लिहायचं, वर मायना काय घालायचा, त्याची तब्येत कशी विचारायची, ते मला कोणी शिकवलं नाही. म्हणून तुमचं नाव पुढे केलं. तुम्ही वाचलंत की त्याच्या हातात द्या. पिवळे बल्ब लावले म्हणून सांगा. आणि उत्तर तुम्ही लिहू नका, तुमचा हात थरथरतो. त्याला बसवा, त्याच्याकडून लिहून घ्या, दोन ओळी का असेनात, त्याच्या अक्षरात. लवकर पाठवा.